वस्तूंची जबानी

महाराष्ट्रातील ज्या शाळकरी मुलांनी राज्याच्या कला संचालनालयाची एलिमेंटरी किंवा इंटरमिजिएट ही चित्रकलेची ग्रेड परीक्षा दिली असेल, त्यांना स्थिरचित्र म्हणजे काय हे निराळे समजावून सांगावे लागणार नाही. लाकडी फळीवर पितळेचा तांब्या, शेजारी एखादे वांगे किंवा दोन कांदे, मागे टाचलेले कापड आणि त्या कापडाला मुद्दाम पाडलेल्या चुण्या, अशी ती मांडणी असते. तांब्यावरची चकाकी साधली आणि चुण्यांमधील छाया मऊ उतरल्या की गुण मिळतात. वस्तू कोणत्या घरातून आली, तिची किंमत काय, ती कोणी घडविली, हे प्रश्न त्या परीक्षेच्या कक्षेबाहेरचे असतात, आणि चित्रविद्येचा प्राथमिक पाठ म्हणून ते तसे असणे रास्तही आहे. परंतु तांब्यामागचे ते कापड, ज्याच्यावाचून स्थिरचित्र बहुधा पुरे होत नाही आणि ज्याकडे स्वतंत्रपणे कोणी पाहत नाही, तेच माझ्या मते या विद्येच्या सामाजिक इतिहासात शिरण्याचा खरा दरवाजा आहे. आणि आजचे स्थिरचित्रण, म्हणजे निर्जीव वस्तू मांडून किंवा जशाच्या तशा टिपून त्यांच्याद्वारे समाजस्थितीवर भाष्य करणारे छायाचित्रण, समजून घ्यायचे असेल तर त्याच दरवाजाने जाणे सोयीचे पडते.

आपल्याकडे हे कापड भिवंडीच्या मागावर विणलेले असण्याचा संभव पुष्कळ आहे. ठाणे जिल्ह्यात कामवारी नदीच्या काठी वसलेल्या या गावात उत्तर हिंदुस्थानातून आलेल्या मोमीन विणकरांनी प्रथम हातमाग मांडले. पुढे विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात विजेवर चालणारे माग आले. आणि १९८२ च्या जानेवारीत मुंबईच्या गिरणी कामगारांचा तो दीर्घ संप सुरू होऊन गिरण्या एकामागून एक थंडावू लागल्यावर, त्या गिरण्यांनी मोडीत काढलेले कित्येक माग येथल्या पत्र्याच्या शेडांमध्ये पुन्हा खडखडू लागले. आज देशातील यंत्रमागांच्या सर्वांत मोठ्या केंद्रांमध्ये भिवंडीची गणना होते. तथापि येथून कापड बाहेर पडते ते कोऱ्या ताग्यांच्या रूपाने. त्याचे धुणे, रंगविणे, छापणे अन्यत्र होते, त्यावर शिक्का तिसऱ्याच व्यापाऱ्याचा बसतो, आणि गिऱ्हाइकाच्या अंगावर ते चढते तेव्हा त्याच्या जन्मगावाचा दाखला कोठेही शिल्लक उरलेला नसतो. जे कापड आपले उगमस्थान विसरून जगात वावरते, ते चित्राच्या पार्श्वभूमीवरही तसेच मुके लटकत राहावे, यात आश्चर्य नाही.

सतराव्या शतकातील हॉलंडमध्ये, विशेषतः हार्लेम नगरात, पीटर क्लाझ आणि विलेम हेडा यांच्यासारख्या चित्रकारांनी न्याहारीच्या मेजांची चित्रे काढली, ती तंत्रदृष्ट्या आजही अजोड मानली जातात. पांढऱ्या कापडाची मेजाच्या कडेवरून ओघळणारी घडी, अर्धवट सोललेले लिंबू, चांदीचा कलंडलेला पेला, चिनी मातीची वाटी, आणि कित्येक चित्रांत जुन्या पंचांगाच्या पानाची गुंडाळी करून तीत बांधलेली मिऱ्यांची पुडी : ही सारी मांडणी धर्मशील प्रेक्षकाला ऐहिक भोगांच्या क्षणभंगुरतेचे स्मरण देते, असे कलेतिहासकार सांगतात, व ते खरे आहे. पण ती मिरी हॉलंडमध्ये पिकत नव्हती. डच ईस्ट इंडिया कंपनीच्या गलबतांतून ती पूर्वेकडून येई, आणि याच कंपनीची एक वखार आपल्या वेंगुर्ल्यात होती, जिचे भग्नावशेष आजही उभे आहेत. त्या पुडीत जलप्रवास आहे, नाविकांचे मृत्यू आहेत, मक्तेदारीचे करारमदार आणि बळजबरी आहे. चित्रकाराने ते जाणूनबुजून सांगितले नाही, तरी वस्तू मेजावर ठेवताच तिच्याबरोबर तिचा इतिहासही येऊन बसला. वस्तूंचा हा स्वभाव, म्हणजे मालकाच्या इच्छेपेक्षा अधिक बोलून जाण्याचा, पुढे छायाचित्रणाच्या फार उपयोगी पडला.

छायाचित्रणाचा जन्मच मुळी स्थिरवस्तूंच्या सोबतीने झाला, आणि त्याचे कारण अगदी व्यावहारिक होते. आरंभीच्या रासायनिक पट्ट्यांना प्रकाशाचा ठसा घेण्यास इतका वेळ लागे की जिवंत माणूस तेवढा काळ निश्चल राहणे दुरापास्त. प्लास्टरचे पुतळे, बाटल्या आणि कापडाच्या घड्या मात्र तक्रार करीत नसत. आद्य छायाचित्रकार दागेरने १८३७ मध्ये पॅरिसमध्ये टिपलेली आपल्या चित्रशाळेतील वस्तूंची मांडणी याच जातीची आहे. इंग्लंडात विल्यम हेन्री फॉक्स टॅल्बट याने १८४४ ते १८४६ या काळात सहा भागांत प्रसिद्ध केलेल्या ‘पेन्सिल ऑफ नेचर’ या ग्रंथात चिनी मातीच्या भांड्यांच्या फडताळाचे एक चित्र आहे, आणि त्यासोबतच्या मजकुरात त्याने एक विलक्षण दूरदृष्टीची कल्पना मांडली आहे : उद्या एखाद्या चोराने ही भांडी पळविली आणि हे चित्र त्याच्याविरुद्ध न्यायासनासमोर मूक साक्षीदार म्हणून हजर केले गेले, तर तो एक अपूर्व पुरावा होईल. ज्या क्षणी वस्तूच्या छायाचित्राला साक्षीदार म्हटले गेले, त्याच क्षणी स्थिरचित्र हे दिवाणखान्याची शोभा राहिले नाही. टॅल्बटच्या कल्पनेतील फिर्यादी संपत्तीचा धनी होता, एवढे मात्र ध्यानात ठेवावे. निर्धनांच्या वस्तूंना अशी साक्ष देता येईल, हे उमगण्यास आणखी ऐंशी वर्षे लागली.

मधल्या काळात वस्तूंचे दर्शन सत्तेच्या आणि व्यापाराच्या सेवेत कसे राबले, याचा एक दाखला आपल्याच कापडाचा आहे. इंडिया म्युझियमचा अधिकारी जॉन फोर्ब्स वॉटसन याने १८६६ मध्ये हिंदुस्थानातील कापडाचे ७०० नमुने कापून, ते अठरा खंडांत चिकटवून, असे वीस संच तयार करविले. मँचेस्टरच्या आणि लँकेशायरच्या कारखानदारांनी या नमुन्यांचा पोत, रंग आणि वीण अभ्यासून तसेच कापड यंत्रावर काढावे व ते हिंदुस्थानातच विकावे, हा त्यामागील उघड हेतू. ते खंड पाहणाऱ्याला कापडाचा तुकडा अप्रतिम दिसतो. लांबी, रुंदी, वजन, ठिकाण असा तपशीलही मिळतो. पण ज्याच्या बोटांनी ते सूत ओढले तो इसम त्या दप्तरात माणूस म्हणून कोठेच रुजू नाही. ज्या भिवंडीला लोक अभिमानाने भारताचे मँचेस्टर म्हणतात, तिच्या संदर्भात हा ग्रंथ आठवला म्हणजे मन अस्वस्थ होते.

हा अभाव भरून काढण्याचा जाणीवपूर्वक प्रयत्न प्रथम मेक्सिकोत झालेला दिसतो. इटलीत जन्मलेली आणि मेक्सिकोत स्थायिक झालेली छायाचित्रकार टीना मोदोत्ती हिने १९२७ च्या सुमारास मक्याचे कणीस, विळा आणि काडतुसांचा पट्टा एवढ्याच वस्तू एकत्र ठेवून काही चित्रे टिपली. रचना अत्यंत साधी. परंतु शेतकऱ्याचे अन्न, त्याचे हत्यार आणि त्याचा लढा या तिन्हींचा परस्परसंबंध तीत एका दृष्टिक्षेपात उभा राहतो, आणि एकही चेहरा न दाखविता मेक्सिकोची राज्यक्रांती डोळ्यांपुढे येते. पुढे १९३६ च्या उन्हाळ्यात अमेरिकेतील अलाबामा प्रांतात वॉकर इव्हान्सने खंडकरी शेतकऱ्यांच्या खोपटांची चित्रे घेतली, त्यांत स्वयंपाकघराच्या एका फळ्यांच्या भिंतीचे चित्र आहे. भिंतीला आडवी ठोकलेली लाकडाची पट्टी आणि तीत खोचलेले घरातले मोजके काटे-चमचे, याखेरीज त्यात काही नाही. जेम्स एजीच्या लेखनासह ही चित्रे १९४१ मध्ये ग्रंथरूपाने निघाली. चमचे ठेवायला कपाट नाही हे दारिद्र्य त्या चित्रात आहेच. पण त्याच वस्तू इतक्या नेटकेपणाने खोचणाऱ्या गृहिणीची शिस्तही आहे, आणि मला वाटते की दारिद्र्याबरोबर ही शिस्त ज्या चित्रात दिसत नाही ते चित्र अर्धसत्य सांगते.

येथे एक गंभीर प्रश्न उद्भवतो. वस्तू साक्षीदार असतील, तर त्यांना हलविण्याचा अधिकार छायाचित्रकारास आहे काय? आपल्याकडे गुन्ह्याच्या जागेचा पंचनामा करताना पंचांसमक्ष प्रत्येक वस्तू जेथे आहे तेथे, जशी आहे तशी नोंदवली जाते, मगच ती मुद्देमाल म्हणून ताब्यात घेतली जाते. नोंदीपूर्वी कोणी ती सरकवली तर पुराव्याची किंमतच नाहीशी होते. स्थिरचित्रकाराचा व्यवसाय तर वस्तू सरकविण्याचाच. १८५५ च्या क्रिमियन युद्धात रॉजर फेंटन याने तोफगोळ्यांनी भरलेल्या एका खिंडीची दोन छायाचित्रे घेतली. एकात गोळे रस्त्याच्या कडेच्या चरात आहेत, दुसऱ्यात ते रस्त्यावर विखुरलेले आहेत, आणि ते रस्त्यावर कोणी आणून ठेवले यावर आजतागायत खल चालू आहे. १९३६ मध्ये आर्थर रॉथस्टीन या सरकारी छायाचित्रकाराने दक्षिण डाकोटाच्या दुष्काळी भूमीवर पडलेली बैलाची एक कवटी काही फूट हलवून निरनिराळ्या जागी टिपली, तेव्हा राष्ट्राध्यक्ष रूझवेल्टच्या विरोधकांनी त्यावरून मोठे काहूर माजविले, आणि दुष्काळ खरा असूनही त्याचे चित्र खोटे ठरविण्यात आले. दुष्काळ सिद्ध करायला कवटीची गरज नव्हती. ज्यांना तो मान्य करायचा नव्हता त्यांना मात्र ती कवटी आयतीच सापडली.

माझे मत असे की दोष हलविण्यात नाही, हलविल्याचे लपविण्यात आहे. मोदोत्तीचे कणीस आणि काडतुसे आपोआप एकत्र आली, असे तिने कधी भासविले नाही. ती उघड मांडणी आहे, वकिलाने न्यायासनासमोर मांडलेल्या कैफियतीसारखी. जे चित्र स्वतःला पंचनामा म्हणविते त्याने पंचनाम्याचे नियम पाळावेत, आणि जे कैफियत आहे त्याने तसे कबूल करावे, एवढा विवेक ठेवला तर दोन्ही प्रकार सत्याच्याच बाजूचे आहेत. भिवंडीला हा भेद पुस्तकातून शिकावा लागत नाही. १९७० च्या मे महिन्यातील दंगलीनंतर न्यायमूर्ती मादन यांच्या आयोगाने येथील घटनांची प्रदीर्घ चौकशी केली. १९८४ मध्ये पुन्हा आगी लागल्या. जळालेले माग, वितळलेली भांडी, कोळसा झालेले ताग्यांचे ढीग यांचे पंचनामे या गावाने उदंड पाहिले आहेत. त्याच गावात १९८८ नंतर पोलीस अधिकारी सुरेश खोपडे यांच्या पुढाकाराने मोहल्ला समित्या उभ्या राहिल्या, आणि डिसेंबर १९९२ व जानेवारी १९९३ मध्ये शेजारची मुंबई जळत असताना भिवंडी शांत राहिली. शांततेचा पंचनामा कोणी करीत नाही, म्हणून बाहेरच्या जगाच्या स्मरणात या गावाच्या जळक्या वस्तूंची चित्रे राहिली आणि न जळलेल्या वस्तूंची कोणी काढलीच नाहीत.

आता ज्या काळात आपण जगतो त्याचे वैशिष्ट्य असे की स्थिरचित्रे मानवी इतिहासात कधी नव्हती इतक्या विपुल प्रमाणात निघत आहेत, आणि त्यांतील बहुसंख्य चित्रांतून कापड नाहीसे झाले आहे. घरबसल्या खरेदीच्या संकेतस्थळांवर साबणापासून साडीपर्यंत प्रत्येक जिनसेचे जे चित्र असते, ते तत्त्वतः स्थिरचित्रच होय. मात्र त्याची पार्श्वभूमी शुद्ध पांढरी असावी, सावली दिसू नये, हात दिसू नये, ही बहुधा व्यापारी अटच असते. ते साधण्याची रीत अशी : वस्तूच्या चोहोबाजूंनी मऊ, समप्रमाण प्रकाश सोडला की छाया एकमेकींना पुसून टाकतात, पृष्ठभागावरचा ओरखडा बुजतो, आणि वस्तू कोठल्याही मेजावर, कोठल्याही घरात, कोठल्याही देशात नाही अशी अधांतरी तरंगू लागते. हाच प्रकाश बाजूने, तिरपा आणि एकाच दिशेने पडू दिला, तर कापडाचा धागा न् धागा उठून दिसतो, मुठीने गुळगुळीत झालेला दांडा ओळखू येतो, शिवणीचा टाका उसवलेला कळतो. समप्रमाण प्रकाश विक्रीला उपयोगी. तिरपा प्रकाश चौकशीला. समाजभाष्य करणारे स्थिरचित्रण पुष्कळ अंशी या तिरप्या प्रकाशाची विद्या आहे.

आणि त्या पांढऱ्या शून्यात तरंगणाऱ्या जिनसा प्रत्यक्षात असतात कोठे? मुंबई आणि आसपासच्या गिऱ्हाइकांपुरते बोलायचे तर फार मोठ्या प्रमाणावर भिवंडीतच. मुंबई–नाशिक महामार्गालगत माणकोली, दापोडे, पूर्णा, वळ या गावांच्या शिवारात, जेथे पूर्वी भातखाचरे होती तेथे, देशातील सर्वांत मोठ्या गुदामवस्त्यांपैकी एक पसरलेली आहे. ज्या वस्तूला चित्रात गाव नाही तिला येथे गल्ली आहे, मांडणीचा क्रमांक आहे, तिला उचलणारा हमाल आणि खोक्यात बांधणारी बाई आहे. एकाच तालुक्यात एकीकडे उगम विसरलेले कापड विणले जाते आणि दुसरीकडे ठिकाण विसरलेल्या वस्तू साठविल्या जातात; समकालीन स्थिरचित्रणाचा अभ्यास करू इच्छिणाऱ्यास याहून समर्पक गाव मला तरी सुचत नाही.

या पांढऱ्या शून्याला उत्तर देणारे छायाचित्रकार जगात ठिकठिकाणी आहेत. अर्व्हिंग पेन हा जन्मभर फॅशनच्या मासिकांसाठी ऐश्वर्य टिपणारा कलावंत. त्याने १९७२ मध्ये न्यूयॉर्कच्या रस्त्यावरची सिगारेटची थोटके उचलून आणली आणि प्लॅटिनमच्या बहुमोल छापात त्यांची भव्य चित्रे काढली. ती देखणी आहेत. पण त्यांत थोटकाचा मान वाढतो, ते ओढणाऱ्या माणसाविषयी मात्र फारसे कळत नाही, म्हणून मी त्यांना उंबरठ्यावरची चित्रे मानतो. उंबरठ्याच्या आत गेली ती जपानची इशिउची मियाको. हिरोशिमाच्या शांतिस्मारक संग्रहालयात बॉम्बस्फोटात सापडलेल्या माणसांचे जे कपडे जतन केलेले आहेत, त्यांची चित्रे तिने २००७ पासून घेतली आहेत. जळक्या काळ्या चिंध्या पाहावयास मिळतील या अपेक्षेने गेलेल्या प्रेक्षकाला तेथे फुलाफुलांचा झगा, नाजूक गळपट्टी, हाताने शिवलेले बटण दिसते, रंग अजून ताजे दिसतात, आणि तो पोशाख आवडीने निवडणारी एक तरुणी त्या सकाळी जिवंत होती, हे कोणत्याही आकडेवारीपेक्षा तीव्रतेने कळते. स्थिरचित्रात नेहमी मागे असणारे कापड येथे पुढे आले आहे.

जप्त मालाचे चित्रण हा आणखी एक मोठा विषय. टॅरिन सायमनने नोव्हेंबर २००९ मध्ये न्यूयॉर्कच्या केनेडी विमानतळावर सलग पाच दिवस मुक्काम करून प्रवाशांकडून व टपालातून जप्त झालेल्या वस्तूंची १,०७५ चित्रे घेतली. एक देश कशाला भितो आणि कशाची हाव धरतो याचा तो ताळेबंद आहे. टॉम कीफर याची कथा अधिक हृदयस्पर्शी. ॲरिझोनामध्ये सरहद्द-पोलिसांच्या ठाण्यावर तो झाडलोटीच्या कामाला होता. मेक्सिकोतून वाळवंट ओलांडून आलेल्या माणसांकडून काढून घेतलेले सामान तेथे कचऱ्यात जाई. कंगवे, साबणाच्या वड्या, जपमाळा, बायबलच्या प्रती, पाण्याच्या बाटल्या त्याने वर्षानुवर्षे गोळा केल्या आणि रंगीत कागदावर ओळीने मांडून टिपल्या. साबणाची वडी घेऊन निघालेला माणूस स्वच्छ होऊन कोठेतरी पोहोचू इच्छित होता, एवढे साधे सत्य सरकारी कागदात कोठेही नोंदलेले नव्हते.

आपल्या चर्चेच्या सर्वांत निकटचा प्रयोग स्टेफेन चाऊ हा छायाचित्रकार आणि हुईयी लिन ही त्याची अर्थशास्त्रज्ञ पत्नी यांचा. २०१० मध्ये चीनपासून आरंभ करून त्यांनी देशोदेशी एकच रीत पाळली : त्या देशाच्या दारिद्र्यरेषेवरील माणसास एका दिवसाच्या अन्नासाठी जेवढा पैसा मिळतो तेवढ्यात स्थानिक बाजारातून जे येईल ते विकत घ्यावे, त्याच ठिकाणच्या वृत्तपत्राच्या पानावर ते मांडावे आणि वरून छायाचित्र घ्यावे. हिंदुस्थानही त्या मालिकेत आहे. हार्लेमच्या मेजावरील पांढऱ्या कापडाच्या जागी येथे बातम्यांचा कागद आला, आणि तो कागद स्वतःच काळ, स्थळ व भाववाढ यांची ग्वाही देतो. २०११ च्या सप्टेंबरात आपल्या नियोजन मंडळाने सर्वोच्च न्यायालयात शपथपत्र दाखल करून शहरात दरडोई रोज ३२ रुपये व खेड्यात २६ रुपये ही सीमारेषा सांगितली, तेव्हा देशभर जो संताप उसळला तो आकड्यांवर होता. त्या ३२ रुपयांतून अन्नाच्या वाट्याला येईल तेवढीच डाळ, तांदूळ आणि एक कांदा कागदावर मांडून कोणी दाखविला असता, तर वादविवादाचा पुष्कळसा भाग अनावश्यक ठरला असता.

भारतीय कलावंतांपैकी विवान सुंदरम यांनी २००८ च्या ‘ट्रॅश’ या प्रदर्शनात दिल्लीच्या कचरावेचकांकडून मिळविलेल्या टाकाऊ वस्तू चित्रशाळेच्या जमिनीवर मांडून एक संपूर्ण नगर रचले आणि त्याची विमानातून पाहावी तशी विशाल चित्रे काढली. शहर ज्याला बाहेर टाकते त्यातूनच शहराचा नकाशा उभा राहिला. दयानिता सिंग यांनी २०१३ मध्ये प्रसिद्ध केलेल्या ‘फाइल रूम’मध्ये दप्तरखान्यांचे चित्रण आहे, आणि पुढे त्यांनी लाल कापडात बांधलेली, काळाने विटलेली कागदपत्रांची गाठोडी एकेक करून टिपली. पुण्याच्या पेशवे दप्तरातील रुमाल ज्यांनी पाहिले आहेत त्यांना ही चित्रे विशेष जवळची वाटतील. कुणाच्या जमिनीचा हक्क, कुणाची वारसनोंद, कुणाची फिर्याद त्या गाठोड्यात बांधलेली आहे. चित्र ती सोडून दाखवीत नाही, फक्त गाठ किती जुनी झाली आहे ते दाखविते.

महाराष्ट्रातील वृत्तछायाचित्रणातही गेल्या काही वर्षांत वस्तूंनी माणसांची जागा दोनदा घेतली. मार्च २०१८ मध्ये किसान सभेच्या नेतृत्वाखाली हजारो शेतकरी, त्यांत बहुसंख्य आदिवासी, नाशिकहून सुमारे १८० किलोमीटर चालत, कसारा घाट उतरून, शहापूर आणि भिवंडी तालुक्याच्या वाटेने १२ तारखेच्या पहाटे मुंबईच्या आझाद मैदानात पोहोचले. मोर्चाच्या मागण्या वनहक्काच्या आणि कर्जमाफीच्या होत्या. परंतु शहराचे मन हलविले ते सोललेल्या तळव्यांच्या आणि झिजून फाटलेल्या चपलांच्या चित्रांनी. दुसरा प्रसंग ८ मे २०२० चा. टाळेबंदीत काम बुडाल्याने जालन्याच्या पोलाद कारखान्यातील मध्य प्रदेशचे मजूर रेल्वेमार्गाने चालत भुसावळच्या दिशेने निघाले होते. करमाडजवळ थकून रुळांवरच झोपले असता पहाटे मालगाडीखाली त्यांतील सोळा जण ठार झाले. त्या दिवशी रुळांमधील खडीवर विखुरलेल्या पोळ्यांचे जे चित्र वृत्तपत्रांत आले, ते पाहिलेला मराठी वाचक ते विसरला असेल असे मला वाटत नाही. मृतदेह दाखविणे अशक्य व अनुचित होते; पोळ्यांनी ती जबानी दिली. कुणीतरी पीठ मळले होते, कुणीतरी वाटेसाठी मोजून पोळ्या बांधल्या होत्या, आणि हे सारे त्या भूमीवर घडले जिच्या कारखान्यांत ती माणसे राबत होती. या चित्रात कोणी काही मांडले नव्हते, आणि त्याची मांडणी करण्याचा विचारही कोणाला शिवू नये.

त्याच आठवड्याच्या आरंभी भिवंडी रोड स्थानकातून गोरखपूरकडे श्रमिकांची विशेष गाडी सुटली. तीत बसलेल्या मागवाल्यांनी मागे ठेवलेल्या वस्तूंचे चित्रण व्हावयास हवे होते. धोट्याचे लोखंडी टोक आणि वापराने काळवंडलेले त्याचे लाकडी अंग. अर्धी भरलेली कांडी. ज्या खोलीत दिवसपाळीचे लोक उठले की रात्रपाळीचे झोपतात तिच्यातील एकच वळकटी आणि तिच्या उशाशी ओळीने लावलेल्या, प्रत्येकी निराळे कुलूप असलेल्या पत्र्याच्या पेट्या. मीटरच्या हिशेबावर मजुरी मिळते म्हणून ताग्यांची नोंद ठेवलेली मळकी वही. बिसीत, म्हणजे मागवाल्यांसाठी बहुधा घरगुती बायाच चालवितात त्या खानावळीत, उपडी घालून ठेवलेली ताटे. मंदीच्या दिवसांत येथील जुने माग भंगाराच्या भावाने, वजनावर, विकले गेले आहेत. काट्यावर चढविलेल्या मागाचे एक चित्र या उद्योगाविषयी अनेक अहवालांइतके सांगून जाईल. २१ सप्टेंबर २०२० च्या पहाटे पटेल कंपाउंडमधील जिलानी इमारत कोसळून चाळीसच्या आसपास माणसे दगावली, त्या ढिगाऱ्यातून निघालेल्या शाळेच्या दप्तरांचे आणि भांड्यांचे चित्र मात्र मी या मालिकेत सहजासहजी घालणार नाही, कारण तेथे त्या वस्तूंचे वारस हयात आहेत आणि त्यांचा होकार घेतल्यावाचून त्यांचे दुःख भिंतीवर टांगण्याचा अधिकार कोणाला नाही.

हाच संकोच प्रत्येक पेटी आणि प्रत्येक वळकटीबाबत बाळगावा लागेल. दारिद्र्याला तिरपा प्रकाश फार शोभून दिसतो, आणि त्या शोभेच्या मोहात छायाचित्रकार पडला की मळकी वही ही केवळ सुंदर पोताची एक वस्तू होऊन बसते; फोर्ब्स वॉटसनच्या खंडांतील नमुन्यांपेक्षा तिची दशा मग फारशी निराळी राहत नाही. त्यावर उपाय मला एकच दिसतो, तो म्हणजे चित्राखालचा मजकूर. माग कोणत्या सालचा, कांडीवरचे सूत कोणत्या गावाहून आले, त्या महिन्यात मीटरमागे मजुरी काय होती, पाळी किती तासांची, बिसीचा महिन्याचा दर किती, वस्तू जागेवरच टिपली की हलवून, आणि तिच्या धन्याने परवानगी कोणत्या अटीवर दिली, एवढा तपशील प्रत्येक चित्राखाली असावा. आणि ही चित्रे मुंबईच्या कलादालनात जाण्यापूर्वी भिवंडीतच, बिसीच्या भिंतीवर किंवा मागाच्या शेडबाहेर, पाळी बदलण्याच्या वेळी लावावीत, म्हणजे मजुरीचा आकडा चुकला असेल तर तो तेथल्या तेथे, ज्याला ती मजुरी मिळते त्याच्याकडून, दुरुस्त करून घेता येईल.